करियाचा डोळा

मी जन्माची भित्री. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना ‘एवढं काय त्यात घाबरायचं?’ असं कुणी विचारायला नको. मी पालीला भ्यायची, विजेला भ्यायची, अण्णांच्या पक्षकारांच्या मिशांना भ्यायची, आणि कुत्र्याला तर इतकी भ्यायची की लांबून भुंकणं ऐकलं तरी रस्ता बदलायची. अशा माझ्या कपाळी घरच्याच कुत्र्याच्या डोळ्यात दिवसातून चार वेळा औषध घालायचं काम आलं. हल्ली माझ्याच डोळ्यात रोज थेंब पडतात, काचबिंदूचे. सून बाटली घेऊन उभी राहते आणि ‘आई, डोळा मिटू नका हो!’ म्हणून ओरडते. मी हमखास मिटते. थेंब गालावरून कानात जातो, ती कपाळाला हात लावते, आणि मला करिया आठवतो. माझ्यापेक्षा तो शहाणा रोगी होता.

आम्ही नवनगरात राहायला गेलो तेव्हा तिथं घरं थोडी आणि मोकळे प्लॉट फार. अण्णा हुबळीच्या कोर्टात वकील आणि आई धारवाडला मुलींच्या शाळेत शिकवायची. दोघांच्या बशी दोन दिशांना, म्हणून घर मधोमध बांधायचं, असा अण्णांचा न्याय. न्याय बरोबर होता, पण दिवसभर त्या ओसाडीत राहायचं कुणी? तर मी आणि अक्का. अक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण, माझी आत्या, पण अण्णा अक्का म्हणायचे म्हणून सगळं घर अक्का म्हणायचं, दूधवालासुद्धा. शेजारचं घर नुसत्या विटांचं, दारं-खिडक्या न बसवलेलं. वारा सुटला की त्याच्या भोकांतून असा काही आवाज यायचा की मी अक्काच्या पदराला धरून स्वयंपाकघरात जाऊन बसायची. लांबून रेल्वेचा खडखडाट, मोकळ्या रानातून टिटवीची टिवटिव, आणि घरात अक्काचं भाकरी थापणं. त्या तिन्हीत मला एक भाकरीचाच आवाज धीराचा वाटे. आता तिथं घराला घर लागलंय, पुढच्या रस्त्यावरून बशी धावतात, आणि टिटवी ऐकली तर मीच म्हणेन, कुठून आलीस गं बाई.

चोरांच्या भीतीनं करिया घरात आला. अळणावरकडचा बाळाप्पा म्हणून अण्णांचा एक पक्षकार होता, जंगलाच्या कडेला त्याचं शेत. त्यानं टॉवेलात गुंडाळून पिल्लू आणून दिलं. ‘मुधोळी शिकारी जात हाय वकीलसाब, निदान बापाकडनं तरी,’ म्हणाला. काळं कुळकुळीत, म्हणून करिया. चार महिन्यांत पिल्लाचे पाय एवढे लांब झाले की बसलं तरी उभं असल्यासारखं दिसे. आमच्याकडं कुत्र्याशी कानडीतच बोलायचं, का ते विचारू नका, गाईशीही कानडीतच. ‘करिया, सुम्न कुंद्रु,’ म्हटलं की गप बसायचा, पण ते अक्कानं म्हटलं तर. मी म्हटलं की माझ्याकडं बघून जांभई द्यायचा. त्याचे ते दात बघून माझी दातखीळ बसायची.

आणि अक्काचं कुत्र्याशी काय गूळपीठ होतं ते देवच जाणे. एकीकडं कडक सोवळं. कुत्रं शिवलं की आंघोळ, त्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल नाही. दुसरीकडं पहिली भाकरी त्याची. ताकात कुस्करून, वर शेंगदाण्याच्या चटणीची चिमूट, कारण ‘आळणी कसं खाईल बिचारं?’ खरी अडचण पाण्याची होती. नळाला पाणी कधी यायचं ते त्या नळालाच ठाऊक. घागरींतून, परातींतून, पिंपातून पाणी भरून ठेवलेलं, आणि दोनदा आंघोळ करायची चैन घरात कुणालाच नव्हती. म्हणून अक्कानं आपली सोय लावली होती. ओवळ्याची जेवढी कामं, तेवढी सकाळी आंघोळीच्या आधी उरकून घ्यायची. अंगण झाडणं, केर टाकणं, कुत्र्याला चोळणं, सगळं एकदम. मग एकच घंगाळ पाणी आणि त्यात सगळं धुतलं गेलं. दुपारचं जेवण होऊन सोवळं सुटेपर्यंत मग कुत्र्याला हात नाही.

करियाचा स्वभाव मात्र तापट. एकदा त्यानं दूधवाल्याचं धोतर फाडलं. दुसऱ्यांदा मीटर बघायला आलेल्या माणसाची पोटरी धरली, रक्त आलं, इंजेक्शनं झाली. त्या माणसाला हातापाया पडून गप करावं लागलं, तेही वकिलाला. त्या दिवशी अण्णांनी जेवणाच्या पाटावर निकाल जाहीर केला. ‘पुन्हा कुणाला दात लागला तर कुत्रं बाळाप्पाच्या शेतावर. अपील नाही.’ बाळाप्पाच्या शेतावर म्हणजे काय ते त्यानंच मागं सांगितलं होतं. बिबट्यानं त्याची एका पावसाळ्यात दोन कुत्री उचलून नेली होती.

अशात करिया मुंगसाच्या मागं बाभळीच्या कुंपणात घुसला. बाहेर आला तो डावा डोळा गच्च मिटून. डोळ्यातून पाण्याची धार, आणि पंजानं सारखं चोळायला लागला. धारवाडच्या जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर स्कूटरवरून आले. अक्कानं करियाचं डोकं मांडीशी धरलं, डॉक्टरांनी डोळ्यात कसलंसं पिवळं औषध सोडून बॅटरी मारली, आणि बुब्बुळावर हिरवा ओरखडा चमकला. ‘काटा लागलाय,’ ते म्हणाले. ‘दिवसातून चार वेळा थेंब. चुकवायचं नाही, चोळू द्यायचं नाही. नाहीतर फूल पडेल, आणि फूल पडलं म्हणजे तो डोळा गेला.’ जाताना स्कूटरला किक मारता मारता म्हणाले, ‘आणि सांभाळून हं. एका बाजूनं दिसत नसलं की कुत्रं घाबरतं, आणि घाबरलेलं कुत्रं चावतं.’ झालं. डोळा गेला तर करिया चावणार, चावला तर बाळाप्पाच्या शेतावर जाणार, आणि एका डोळ्याचं कुत्रं बिबट्याच्या वाटेवर किती दिवस टिकणार? अक्कानं माझ्याकडं बघितलं. ‘मंदे, तुला कॉलेजला सुट्टी आहे. मी धरते, तू घाल.’

पहिल्या दिवशीचे माझे हाल काय सांगू! मागल्या दाराच्या पायरीवर अक्का बसायची, करियाला दोन पायांत घ्यायची, एका हातानं जबडा खालून धरायची, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं खालची पापणी ओढायची. मी मागून यायचं, बाटली त्याच्या डोक्यावरून आणायची, म्हणजे त्याला दिसायला नको. सांगायला सोपं. माझ्या मनगटाखाली त्याचे दात, त्याच्या घशातली गुरगुर माझ्या कोपराला लागायची, आणि हात असा थरथरायचा की पहिला थेंब अक्काच्या लुगड्यावर, दुसरा करियाच्या नाकावर. त्यानं नाक चाटलं आणि तोंड वाकडं केलं. ‘अगं, कुत्र्याला पाजायलीस काय औषध?’ अक्का ओरडली. ‘भिऊ नकोस म्हणते की! मी धरलंय न्हवं?’ ते मात्र खरं होतं. दुसऱ्या कुणी त्या डोळ्याजवळ बोट नेलं असतं तर बोट राहिलं नसतं. आईनं एकदा धरून बघितलं, तर त्यानं असा हिसका दिला की आई कर्दळीत जाऊन पडली. अक्काच्या हातात मात्र मान टाकून बसायचा. डोळा झोंबायचा, अंगावर शहारा यायचा, तरी हलायचा नाही.

आणि डोळा उघडायला लागला हो! आधी फट, मग अर्धा. पाणी थांबलं. मी थोडी धीट झाले, म्हणजे बाटली धरताना देवाचं नाव मोठ्यानं न घेता मनात घ्यायला लागले. पण ते ‘फूल’ अक्काच्या डोक्यातून जाईना. तिनं मारुतीला नवस बोलला होता. डोळा स्वच्छ होईपर्यंत रोज रुईच्या पानांची माळ, नुसती शनिवारी नाही, रोज. शनिवार आला तशी तिनं सुरुवात केली. रुई काय, तिथं रानोमाळ होती. प्रत्येक मोकळ्या प्लॉटवर तिची कमरेएवढी झाडं. उजाडताच अक्का टोपली घेऊन जायची आणि पानं खुडून आणायची. मला मात्र शिवू द्यायची नाही. ‘तू लांब. चीक डोळ्यात गेला तर डोळे जातात.’ रुईचा चीक वाईट, हे आमच्यात पोराटोरांनाही माहीत. अक्का पानं ठेवायची, हात मातीत घासायची, फडक्याला पुसायची, बोटांवरचा चीक वाळून काळा व्हायचा. मग अंगण झाडायची. मग करिया. मग आंघोळ, आणि सोवळ्यात बसून माळ. ती माळ घेऊन भर उन्हात देवळापर्यंत चालत जायची.

दोन-चार दिवसांत मला वाटलं, उजेडाचा भास असेल. करियाच्या डोळ्यावर निळसर धुरकट साय आल्यासारखं दिसत होतं. आईला दाखवलं. आईनं चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. दुसऱ्या दिवशी साय दाट. अण्णा कोर्टातून दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना विचारून आले, त्यांनी थेंब वाढवायला सांगितले. आम्ही वाढवले. अक्कानं माळही वाढवली, एकाच्या दोन केल्या. तरी डोळा पांढराच होत चालला, आणि दुखल्याची कसली खूणच नाही! ना चोळणं, ना पाणी. आतून कुणी दिवा मालवत असल्यासारखं. मला रात्री डोळा लागेना. आपलंच काही चुकतंय, थेंब बाहेर पडतोय, बाटली घाण झालीय, असं काय काय मनात यायचं. अक्काला विचारलं तर म्हणायची, ‘चूक असली तर त्याला दाखवू दे की.’ त्याला म्हणजे मारुतीला.

करिया दारांना, खांबांना, पाण्याच्या पिंपाला आपटायला लागला. डाव्या बाजूनं कुणी आलं की दचकून उडायचा. एका दुपारी मी धुणं वाळत घालून येत होते, विसरून त्याच्या डाव्या अंगानं गेले, आणि काय होतंय ते कळायच्या आत त्याचा जबडा माझ्या मनगटावर होता. मिटला नाही, नुसता होता. मग त्याला माझा वास आला असेल, त्यानं सोडलं आणि जमिनीला पोट घासत कोपऱ्यात गेला. रक्त नव्हतं. चार लाल टिंबं होती. मला रडू येत होतं, आणि त्यातसुद्धा पहिला विचार आला तो अण्णांचा. दात लागला तर अपील नाही. मी लांब बाह्यांचा ब्लाउज घातला आणि त्या उकाड्यात संध्याकाळपर्यंत तसाच ठेवला. करियाला भ्यायची आणि करियासाठी भ्यायची, दोन्ही एकदमच. त्या दोन भीतींमध्ये मी पार पिचून गेले होते.

मग ती सकाळ. नेहमीसारखी अक्का पानं ठेवून पायरीवर येऊन बसली, करियाला जवळ घेतलं, आणि सूर्याचा पहिला उजेड त्या डोळ्यावर आडवा पडला. बुब्बुळ दिसतच नव्हतं. कवडी दिसावी तसा पांढराफेक डोळा. मी बाटली घेऊन तशीच उभी राहिले. अक्का म्हणाली, ‘फूल पडलं गं.’ आणि रडली. अक्का रडते हे मला माहीतच नव्हतं. गेलेल्या नवऱ्याच्या आठवणीनंही कधी न रडलेली बाई त्या कुत्र्याचं डोकं छातीशी धरून हमसून हमसून रडली, आणि हातांच्या अंगठ्यांनी डोळे पुसत राहिली. पुसते, पुन्हा भरतात, पुन्हा पुसते. मग उठून आंघोळीला गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा ती टोपली घेऊन निघाली नाही. स्वयंपाकघराच्या दारात चौकट धरून उभी होती. ‘मंदे, चूल का गं एवढी धुरायलीय?’

‘अक्का,’ मी म्हटलं, ‘चूल कुठं आहे? गॅस आहे आपल्याकडं.’

ती हात पुढं करून चाचपत पाटावर बसली. ‘मग सगळीकडं धूर का दिसायलाय?’ तिनं विचारलं. दुखत नव्हतं तिला, खुपत नव्हतं. नुसता धूर. अगदी करियासारखं. अण्णा पळत आले. त्यांनी अक्काचे डोळे बघितले, मग मागल्या दारात बांधलेल्या करियाकडं बघितलं, आणि त्यांचा चेहरा पडला. ‘कुत्र्याचं लागलं,’ ते म्हणाले. ‘घरभर पसरणार आता हे. आज बाळाप्पाची तारीख आहे, तो टेंपो घेऊन येणार आहे. कोर्टात निरोप टाकतो, दुपारी घेऊन जाईल.’ अक्का म्हणाली, ‘दत्तू...’ पण अण्णा म्हणाले, ‘अक्का, तुझे डोळे आधी.’ त्यांचा आवाज कापत होता. अण्णांना घाबरलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं, आणि वकील घाबरला म्हणजे आता कुणाकडं जायचं, असं मला झालं.

आई शाळेला न जाता करियाजवळ थांबली. आम्ही तिघं हुबळीला डोळ्यांच्या डॉक्टरीण बाईंकडं गेलो. सबंध वाटेत अक्कानं माझा हात घट्ट धरला होता. मी खिडकीबाहेर बघत मनात माझेच डोळे तपासत होते. पाटी वाचता येते का, लांबचं झाड दिसतं का. बाईंनी अक्काची हनुवटी यंत्रावर टेकवली, आत बघितलं, मग बाजूला होऊन तिचे हात हातात घेतले आणि उलटेसुलटे करून पाहिले. अंगठ्यांवर, बोटांच्या पेरांवर काळे डाग. ‘अम्मा, एक्की हरितीरेन्री?’ रुईला कानडीत एक्की म्हणतात. रुई खुडता का, असं त्या विचारत होत्या.

‘हौदु,’ अक्का म्हणाली. ‘मारुतीला.’

‘श्रावणात माझ्याकडं असे ओळीनं येतात,’ बाई अण्णांकडं वळून म्हणाल्या. ‘चीक आहे हा. दुखत नाही, नुसतं धुरकट होतं, म्हणून कळत नाही. घाबरू नका, तुम्ही लवकर आलात. औषधानं उतरेल.’

अण्णांनी मोठा श्वास सोडला. अक्कानं नाही सोडला. ‘पण मी हात घासते की,’ ती म्हणाली. ‘मातीत घासते. वाळल्यावर कसला चीक? वाळला म्हणजे मेला.’

‘मरत नाही, अम्मा. ओलं लागलं की पुन्हा उतरतो.’

‘डोळ्यातल्या पाण्यानं?’

‘पाणी ते पाणीच.’

‘आणि कुत्र्याच्या डोळ्याला पण?’ अक्कानं विचारलं. बाईंना काही कळेना. त्या हसल्या, ‘डोळा तो डोळाच, अम्मा.’ आणि अक्का उठली. खुर्ची मागं पडली. ‘दत्तू,’ ती म्हणाली, ‘मी केलं रे ते. आंघोळीच्या आधी, रोज. रिक्षा गाठ. आधी रिक्षा गाठ.’

हुबळीहून नवनगरापर्यंतचा तो रस्ता मला अजून लांब वाटतो. इतर वेळी अक्का वाहनात बसली की मारुतीचं स्तोत्र चालू करायची, ओठ थांबायचे नाहीत. त्या दिवशी डोळ्यांवर कापूस लावून गप्प बसली होती, दोन्ही हात स्वतःच्या काखेत घालून. मी म्हटलं, ‘अक्का, हात धर ना माझा.’ तिनं मान हलवली. टेंपो निघाला असला तर? निघून अळणावरच्या रस्त्याला लागला असला तर? फोन कुणाकडं नव्हता. प्रत्येक समोरून येणाऱ्या टेंपोत मी काळं डोकं शोधत होते.

टेंपो दारातच होता. आई फाटकात उभी, चेहरा पांढरा. बाळाप्पाच्या हाताला टॉवेल गुंडाळलेला, टॉवेलावर रक्ताचा डाग. एक पोतं अंगणात पडलेलं, दोरी तुटलेली, आणि टेंपोच्या खालून, चाकाच्या आडून, ती गुरगुर. अण्णांनी टॉवेलाकडं बघितलं. ‘चावला?’

‘न्हाई ओ वकीलसाब,’ बाळाप्पा म्हणाला, ‘चावायचं म्हणलं असतं तर बोट ऱ्हायलं असतं व्हय? पोतं टाकलं म्हणून भ्यालंय. त्येला त्या अंगानं दिसंनाच झालंय. नुसता दात लागला.’

‘दात लागला,’ अण्णा म्हणाले. एवढंच. पुढचं त्यांना बोलायची गरज नव्हती. त्या अंगणातल्या प्रत्येकाला पुढचं पाठ होतं.

‘दत्तू,’ अक्का फाटकाला टेकून म्हणाली, ‘निकाल द्यायचा तर आधी आरोपी बदल. मी आहे आरोपी. मला पाठव बाळाप्पाच्या शेतावर.’

अण्णांनी अंगणातलं पोतं उचलून बाजूला टाकलं. ‘टेंपो दवाखान्यात न्यायचा,’ ते बाळाप्पाला म्हणाले. ‘दोघांनाही दाखवू, तुलाही आणि त्यालाही. पण त्याला काढणार कोण तिथनं?’

अक्का दोन पावलं पुढं झाली आणि थबकली. हात काखेतून निघाले नाहीत. ‘मंदे,’ ती म्हणाली, ‘उजव्या अंगानं जा. त्याला दिसू दे.’

मी गेले. मला जायचं नव्हतं, हे स्पष्ट सांगते. मातीवर गुडघे टेकले, वाकले, आणि चाकाच्या आड तो दिसला. एक डोळा काळा, एक पांढरा, ओठ वर ओढलेले, सगळे दात उघडे. ‘करिया,’ म्हणायचा प्रयत्न केला, नुसती हवा निघाली. तेवढ्यात मला दिसलं की तो थरथरतोय. माझा हात बाटली धरताना थरथरायचा ना, तसाच. मला वाटलं, अगं बाई, हाही माझ्यासारखाच आहे की. हात जमिनीवर ठेवला, पालथा, आणि तिथंच ठेवला. गुरगुर थांबली नाही, पण बारीक झाली. मग कोरडं, गरम नाक हाताला लागलं. मी पट्ट्यात बोटं घातली आणि मागं सरकत सरकत त्याला उजेडात आणलं. उठून उभी राहिले तेव्हा माझा ब्लाउज घामानं भिजलेला होता.

जनावरांच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, औषध बदललं, आणि म्हणाले, कडेचं उतरेल, मधलं सांगता येत नाही. पुढं तसंच झालं. अक्काचे डोळे काही आठवड्यांत निवळले. करियाचा डोळा कडेनं काळा झाला, मधे वाटाण्याएवढं फूल कायमचं राहिलं. सावली हलली तर त्याला कळायचं, तेवढंच. मारुतीला अक्का तेल घालायला जात राहिली, पण रुई पुन्हा तिनं हातात धरली नाही. नवसाचं काय, म्हणून आईनं एकदा भीतभीत विचारलं, तर ‘ते माझं आणि त्याचं आहे,’ म्हणाली.

पण मला सांगायचंय ते दवाखान्यातून परत आलो त्या संध्याकाळचं. नव्या औषधाचा पहिला थेंब घालायचा होता. अक्कानं हात रिठ्यानं घासले होते, लिंबानं घासले होते, पिण्याच्या घागरीतलं पाणी घेऊन धुतले होते, कातडी लाल होईपर्यंत. तरी ती पायरीवर बसली नाही. लांब, धुण्याच्या दगडावर जाऊन बसली, डोळ्यांवर कापूस, हात पदराखाली. मी एकटीच करियाला घेऊन पायरीवर. तो माझ्याजवळ बसेना. मान वळवून वळवून तिकडंच बघत होता.

‘मंदे,’ अक्कानं विचारलं, ‘मला बघून मागं सरतो काय गं तो?’

‘नाही, अक्का.’

‘खोटं बोलू नकोस. मला दिसत नाही म्हणून काहीबाही सांगू नकोस.’

मी काही बोलायच्या आत करियानं हिसका दिला, पट्टा माझ्या हातातून सुटला, आणि तो सरळ तिच्याकडं गेला. दोन पायांत शिरला. पदराखाली नाक घालून तिचा हात शोधायला लागला. ती हात मागं मागं नेत होती, तो आणखी आत घुसत होता. शेवटी हात सापडला, तसा त्यानं त्यावर हनुवटी टेकली, तो पांढरा डोळा वर केला आणि रोजच्यासारखा थेंबासाठी गप्प बसून राहिला.

‘सर की रे मागं,’ अक्का म्हणाली. कापसाखालून पाणी गळत होतं आणि ते पुसायला ती हात लावत नव्हती. ‘अरे वेड्या, तू तरी मागं सरायला पाहिजे होतंस.’